कर्ण मोजल्याशिवाय चौरस म्हणू नये

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष आदरणीय ज्ञानेशजी राऊत, व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या प्रमुख पाहुण्या आणि आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी डॉ. स्वरा सावे, मुख्याध्यापक श्री. अनुज चुरी सर, माझे सर्व सहकारी, गावातून, बाजारातून, बोईसरच्या कारखान्यांतली पाळी बदलून इथवर आलेले पालक आणि माजी विद्यार्थी, मागे खिडकीच्या गजांवर चढून बसलेली आठवी 'ब' (उतरा रे खाली आधी!), आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ते आजचे सत्कारमूर्ती श्री. एकनाथ तामोरे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे एकनाथमामा, व त्यांच्या शेजारी डोक्यावरचा पदर सावरत संकोचून बसलेल्या जमनावहिनी, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. गणिताची बाई म्हणजे वेळेत बसवील, असा त्यांचा होरा दिसतो. मी त्यांची आगाऊच क्षमा मागते, कारण आज मला पाच मिनिटं पुरणार नाहीत.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इकडे आले. यजमान बोईसरला कारखान्यात आणि मी या शाळेत. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी फाटकात उभी राहिले तेव्हा मला पहिलं कोण भेटलं असेल? मुख्याध्यापक? छे! हातात खराटा घेतलेले एकनाथमामा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "घाटावरच्या काय? इथं मासळीचा वास लागेल हां बाई, सवय करा." मला राग आला. मला राग यायला तसंही फार काही लागत नाही, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना आपापल्या हाताच्या पंजावरून ठाऊक आहे.

मामा साडेएकतीस वर्षं या शाळेत शिपाई होते. घंटा, सूचनांची वही, पाण्याच्या टाक्या, परीक्षेची बाकं, सगळं त्यांच्याकडे. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून भावाच्या होडीचं जाळं सांधायचं. क्रीडामहोत्सवाच्या आधी मैदान आखायचं कामही मामांचंच. चार खुंट्या, जाळ्याची दोरी आणि चुन्याची बादली घेऊन कबड्डीचं मैदान असं आखायचे की तालुक्याचे पंच येऊन टेप लावायचे आणि काही न बोलता टेप गुंडाळायचे. चारही बाजू मोजून झाल्या की मामा एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणायचे, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्हीकडे दोरी सारखी आली तरच चुना पडायचा. मी ते वर्षानुवर्षं वर्गाच्या खिडकीतून बघत होते. बघत होते म्हणजे नुसते डोळे उघडे होते.

आता मघाशी आपल्या चुरी सरांनी मोठ्या प्रेमानं एक किस्सा सांगितला. मामांनी शाळेचा फळ्यावरचा मोठा लाकडी गुण्या कसा पाडला, तो कसा वाकडा झाला आणि आठवीच्या वर्गाचे सगळे चौरस कसे कलले. सभागृह पोट धरून हसलं. मामाही हसले. मीही हसले. गेली अकरा वर्षं हा किस्सा प्रत्येक स्नेहसंमेलनात होतो. कपाची बशी कुणाच्याही हातून पडली तरी आपण म्हणतो, "काय हो, एकनाथमामांचा हात लागला काय?" आणि मी दर वेळी हसत आले आहे.

सर, आज सकाळी साडेदहाला मी तुमच्या हातात एक बंद पाकीट दिलं. ते अजून तुमच्या खिशात आहे, इथून दिसतंय मला. ते उघडलं असतंत तर तुम्ही तो किस्सा सांगितला नसता. असो. पाकिटात जे लिहिलंय तेच आता तोंडानं सांगते.

तो गुण्या मामांनी पाडला नव्हता. तो मी मोडला होता.

नाही मामा, हात हलवू नका. बसा खाली. आज मला गप्प बसवायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा जून. शाळा उघडून दोनच दिवस झालेले. आठवीचा वर्ग, पासष्ट मुलं, बाहेर पाऊस आणि आत बाजार भरलेला. माझ्या हातात गुण्या. "आवाज बंद!" म्हणून मी तो टेबलावर आपटला, सगळ्या ताकदीनिशी. वर्ग चिडीचूप झाला आणि गुण्याचा सांधा उकलला. मामा तेव्हा सूचनांची वही घेऊन दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी सांध्यात लाकडाचा भुसा आणि गोंद भरला, दोरीनं आवळून ठेवला आणि सोमवारी परत फळ्यावर घेतला. मला तो पूर्वीसारखाच दिसला.

पुढे जुलैत चौरसाची रचना आली. पालकांमध्ये ज्यांचं भूमितीशी वाकडं आहे त्यांच्यासाठी सांगते, काम सोपं असतं. पाया आखायचा, पन्नास सेंटिमीटर. दोन्ही टोकांवर गुण्यानं लंब उभे करायचे. लंबांवर पन्नास-पन्नास मोजायचं आणि वरची दोन टोकं जोडायची. मी पट्टीच्या कडेनं गुण्या सरकवत दोन्ही लंब काढले, वरची रेघ ओढली, मुलांसमोर मोजून दाखवली. पन्नास! मी खडू खाली ठेवून म्हटलं, "चारही बाजू समान. झाला चौरस."

तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, ह्यो कललाय."

ही भाविका. भाविका मेहेर. सोमीताईंची मुलगी. सोमीताई तेव्हा बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायच्या, अजूनही विकतात. मी म्हटलं, "चारही बाजू मोजल्या ना तुझ्यासमोर?" ती म्हणाली, "बाजू सारक्या हायत बाई, पण जाळ्याचा आस वडल्यावर होतो ना, तसा झालाय." आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, इथल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. मला मात्र तो शब्द तेव्हा ठाऊक नव्हता. माझ्या वर्गात मला ठाऊक नसलेला शब्द आला, याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी पोरगी घरून जाळ्याची दोरी घेऊन आली. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरोघरी जाळी सांधायचं काम, दोरीला काय तोटा! फळ्यावर मी पुन्हा चौरस काढला होता. तिनं परवानगी मागितली, पुढे आली, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणली, चिमटीत धरली आणि तीच चिमूट दुसऱ्या कर्णावर लावली. दोरी तीन सेंटिमीटर उरली. चौरस असता तर दोन्ही कर्ण सारखे भरले असते की नाही? आठवीतली पोर सगळ्या वर्गासमोर, कुठलाही आगाऊपणा न करता, बरोबर भूमिती सांगत होती.

मी काय म्हणाले ते सांगू? मी म्हणाले, "जाळी विणायची ती घरी. इथे भूमिती चालते."

वर्ग हसला. भाविकानं दोरी गुंडाळली, जागेवर जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

एक दिवस, दोन दिवस, आठवडा झाला. हजेरीत तिच्या नावापुढे मी गैरहजेरी मांडत गेले. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मामा वर्गात आले. म्हणाले, "बाई, भाविका बोईसरच्या बाजारात आईच्या बाजूला बसते. बोंबलाचे वाटे लावते." मी म्हटलं, "मग मी काय करू?" मामा म्हणाले, "काय नाय. जरा हा गुण्या पलटून बघा."

मी तोंड उघडणार होते. "मामा, तुम्ही घंटा वाजवा," हे शब्द ओठांवर होते. पण मामा माझ्या परवानगीसाठी थांबले नाहीत. फळ्यावर एक आडवी रेघ मारली, तिच्यावर एक ठिपका दिला. ठिपक्याला गुण्या लावून लंब काढला. मग गुण्या पुस्तकाच्या पानासारखा पलटला, त्याच ठिपक्याला दुसऱ्या बाजूनं लावला आणि पुन्हा लंब काढला. गुण्या खरा असता तर दुसरी रेघ पहिलीवरच बसली असती. दोन्ही रेघा खाली एका ठिपक्यात आणि वर मध्ये अडीच बोटांची फट! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी बी.एड. केलेली बाई, आणि गुण्या तपासायची ही साधी रीत मला सातवी शिकलेल्या शिपायानं दाखवली.

मामा म्हणाले, "चार काठ्या सारक्या असल्या म्हंजे चौरस होत नाय, बाई. कोन बघावा लागतो. पोर खरं बोलत होती. तिला परत आणा."

मला ते जमलं नाही. एवढंच म्हणायचं होतं, 'भाविका, तू बरोबर, मी चूक.' पण मला वाटलं, उद्या हा वर्ग माझं ऐकेल का? घाटावरून आलेली बाई, हिचा आवाज हीच हिची सत्ता. मी मामांना म्हणाले, "बघू." माझं 'बघू' म्हणजे काय असतं हे मामांना पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा रजा टाकून बाजारात गेले. सोमीताईंना म्हणाले, "गुण्या माझ्या हातून पडला. बाईंना ठाऊक नव्हतं. तुमची पोर बरोबर होती, तिला पाठवा." आणि भाविका आली. सोमीताईही आल्या, पण तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत. पदर खोचून म्हणाल्या, "तुमच्या शिपायाच्या चुकीपायी माज्या पोरीनं सगल्या वर्गात बोल का खायचा?" प्रश्न रास्त होता. चूक शिपायाची नव्हती, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी मामांना लेखी समज दिली. 'शालेय साहित्य हाताळताना निष्काळजीपणा.' मी तेव्हा त्याच खोलीत, कपाटाशी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शोधत असल्याचं नाटक करत उभी होते. मामांनी कागद वाचला, सही केली आणि 'येतो साहेब' म्हणून बाहेर गेले.

मी जिन्याखाली गाठलं त्यांना. म्हटलं, "मामा, असं का केलंत?" जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "बाई, तुमाला रोज वर्गात उभं रायचं हाय. घंटा काय, कोनीबी वाजवील."

वर्गात मी भाविकाला शाबासकी दिली. तेवढी लाज माझ्यात होती. पण ती देताना म्हणाले, "गुण्या मामांच्या हातून पडला होता ना, म्हणून." सोमीताई, तुम्ही तिथं पाचव्या रांगेत बसलाय. अकरा वर्षं तुम्ही मामांशी धड बोलत नाही, हे गावाला माहीत आहे. तुमचा राग खरा होता, फक्त तो चुकीच्या दारात गेला. दार माझं होतं.

इथेच थांबलं असतं तर कदाचित आज मी हे बोलले नसते, खरं सांगते. माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो. पण दोन वर्षांनी शाळेत प्रयोगशाळा परिचराची जागा निघाली. मामा सगळ्यांत जुने, त्यांचाच हक्क. प्रयोगशाळेची त्यांना हौस किती! परीक्षानळ्या ते घरच्या काचेच्या बरणीसारख्या पुसायचे. शाळा समितीची बैठक बसली. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. कुणीतरी फाइल उघडली, ती लेखी समज निघाली, आणि एक सदस्य हसत म्हणाले, "काचेचं सामान आहे, आम्ल आहे. एकनाथच्या हातात नको बुवा." दोन मिनिटांत विषय संपला. जागा दुसऱ्याला गेली.

त्या दोन मिनिटांत मी काय करत होते? चहा पीत होते. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी केलं, आणि वर इतिवृत्तावर सही केली. सुवाच्य, पूर्ण नावाची सही. मामा बाहेर सतरंज्या गुंडाळत होते. मी बाहेर आले तर त्यांनी विचारलंही नाही, काय झालं म्हणून. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा गार होता काय बाई? दुसरा टाकू?"

सर्वांसमोर रडणं मला आवडत नाही, आणि मी रडणारही नाही. स्वराताई, पाण्याचा ग्लास नको, धन्यवाद.

मंडळी, आज माझ्या शिकवण्याचं कौतुक होतं. आठवीत चौरस, आयत काढला की आमच्या वर्गात तपासल्याशिवाय कुणी वही मिटत नाही. आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या तरी मी मान हलवत नाही, कर्ण मोज म्हणते. आधी गुण्या पलटून बघायचा, मग पाया आखायचा, पेन्सिलीला टोक असलं पाहिजे, आणि शेवटी दोरी. 'जागृतीबाईंची दोरी' म्हणून ती तालुकाभर झाली. शिक्षक प्रशिक्षणात मी ती तीन वेळा दाखवली, टाळ्या घेतल्या. आपली भाविका आज बोईसरला एका कारखान्यात तयार चौकटी तपासायला असते. तिनं कर्ण मोजून होकार दिल्याशिवाय एक चौकट गाडीत चढत नाही. मध्यंतरी एका मुलाखतीत तिनं सांगितलं, हे मला जागृतीबाईंनी शिकवलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तिथं आईशेजारी बसली आहेस ना भाविका, ऐक. मी तुला काहीही शिकवलं नाही. तू घरून येताना घेऊन आलीस आणि मामांनी ते खरं असल्याचं सांगितलं. मी फक्त वर्गासमोर तुझं हसं केलं होतं.

आता अध्यक्षमहाराजांना माझी हात जोडून विनंती आहे. सरांच्या खिशातल्या पाकिटात माझं लेखी निवेदन आहे, सहीनिशी. गुण्या कुणी मोडला, समज कुणाला मिळायला हवी होती आणि त्या बैठकीत कोण गप्प बसलं, हे सगळं तारखांसह त्यात आहे. मामांचे निवृत्तीचे कागद पुढच्या आठवड्यात वर जातील. त्याआधी ती लेखी समज रद्द झाल्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हावी आणि माझं निवेदन माझ्या फाइलला लागावं. माझी चार वर्षं राहिली आहेत. संस्थेला माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती मी ताठ मानेनं घेईन, भांडणार नाही. परिचराची जागा मी परत देऊ शकत नाही. तेवढी वर्षं गेली ती गेली, आणि त्यांचा हिशेब कुठल्याही निवेदनात बसत नाही.

टाळ्या नकोत. कृपा करून नकोत. टाळ्या वाजवल्यात की मला वाटेल मी काहीतरी मोठं काम केलं. अकरा वर्षं उशिरा खरं बोलणं हे मोठं काम नव्हे. वाजवायच्याच असतील तर मामांकडे तोंड करून वाजवा.

आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपले, हा सोहळा घडवून आणणाऱ्या संस्थेचे, मंडप बांधणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे, आणि घरची कामं टाकून आलेल्या माउल्यांचे मी मनापासून आभार मानते. ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, वेळेचं भान सुटलं ते तर सुटलंच, या सगळ्याबद्दल सभागृहानं मला उदार मनानं पदरात घ्यावं.

त्या एका गोष्टीची क्षमा मात्र मी मामांकडे इथे मागत नाही. गळ्यात हार आहे, मांडीवर नारळ आहे, समोर चारशे माणसं आहेत. अशा वेळी कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि मामांना तर आयुष्यात कधीच आलेलं नाही. म्हणून मामा, उद्या संध्याकाळी मी तुमच्या घरी येते. एकटी. तिथे तुम्ही 'नाय' म्हणालात तरी ते मी ऐकून घेईन. आणि जमनावहिनी, मामा भिडेपोटी 'हो' म्हणायला लागले, तर तुम्ही त्यांना थांबवा.

धन्यवाद.